सव्विसावं अक्षर

१

गुरुवारी सकाळी साडेनऊला मी लॅकी म्यूर यांच्या पाट्या रंगवायच्या कारखान्यात पोचले तेव्हा वरचा खण अर्धा उघडा होता आणि त्यात सव्वीसऐवजी पंचवीस कागद होते.

मी तीनदा मोजले. माझी मुलगी एफी झाल्यापासून मी सगळंच मोजते: तिचे श्वास, जिन्याच्या पायऱ्या, तिच्यासाठी चिरलेल्या द्राक्षांच्या फोडी. तीनदा मोजूनही क्यू अक्षराचा कागद नव्हता.

"लॅकी, क्यू तुम्ही बाहेर काढला होता का?"

लॅकी खिडकीशी बसले होते, मान थोडी तिरकी करून. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला आहे. फक्त कडा उरल्यात. आपल्याशी बोलताना ते आपल्या कानाकडे बघतात.

"मी कशाला काढू? मला तो दिसतो तरी का," ते म्हणाले. मग थांबून, "नाहीये?"

आमच्या पोर्ट चाल्मर्स या छोट्या बंदरातल्या निम्म्या पाट्या या माणसाने रंगवल्या. मासे तळणाऱ्याची, रग्बी क्लबची, शर्यतीच्या होड्यांची, सगळ्यांवर तीच अक्षरं: जाडजूड पण आतून पोकळ, नुसती बाहेरची रेघ, तीही हाताने काढलेली, किंचित हलणारी. प्रत्येक टोकाला छोटे पाय, जणू अक्षरांनी बूट घातलेत, आणि एका बुटासारखा दुसरा नाही. एसचं पोट सुटलेलं. आर एक पाय पुढे टाकून उभा. के लाथ मारायच्या बेतात. प्रत्येक अक्षर तपकिरी कागदावर काढून रेघेवर बारीक भोकं पाडलेली. हा खाका. भिंतीवर धरायचा, पावडरीची पुरचुंडी त्यावर आपटायची, भोकांतून ठिपके उतरतात, ठिपक्यांवरून ब्रश फिरवायचा.

चार महिने मी त्या अक्षरांचा फॉन्ट करत होते. एकेक खाका स्कॅन करायचा आणि रेघ जशीच्या तशी उतरवायची, थरथरीसकट. पंचवीस झाले होते. क्यू सगळ्यात अवघड, म्हणून शेवटी ठेवलेला. बुधवारी संध्याकाळी निघताना मीच सगळ्यांना सांगितलं होतं की उद्या क्यू झाला की संपलं.

आणि ते संपलं की रविवारी लॅकी आपल्या मुलीबरोबर, ग्लेनिसबरोबर, कायमचे तिच्या गावी, दूर नेल्सनला जाणार होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की उरलेल्या कडाही वसंत संपेपर्यंत जातील. त्यांचं एकच म्हणणं होतं: माझी अक्षरं एकदा सगळी एकत्र बघायचीत. मग कुठेही न्या.

"'ओ'ला शेपूट काढ आणि दे त्यांना," ग्लेनिस खोकी बांधता बांधता म्हणाली. "त्यांना काय कळणार आहे?"

"मला ऐकू येतं, ग्लेनिस," लॅकी म्हणाले. "मेंढीला शेपूट चिकटवून मांजर होत नाही. माझा क्यू एका दमात काढलेला आहे. तो नसेल तर संच अपुरा म्हणा आणि गप्प बसा."

ग्लेनिस वाकली. बाकाखाली बसलेल्या माझ्या तीन वर्षांच्या मुलीचा हात धरून तिने तिला बाहेर ओढलं.

"हा घ्या तुमचा क्यू," ती म्हणाली.

एफीच्या तोंडात तपकिरी कागदाचा बोळा होता.

२

मी तो बोळा तिच्या तोंडातून काढला, उलगडला, उजेडात धरला. एकही भोक नव्हतं. वास चीजचा होता. कालच्या चीज रोलची पिशवी.

"हा खाका नाही," मी म्हणाले.

"हा नसेल. तो पोटात असेल."

"वरचा खण माझ्या खांद्याइतका उंच आहे."

"खण उघडा होता. स्टूल शेजारी आहे. लहान मुलं काय करतात ते मला सांगू नकोस, ब्रायोनी, मी दोन वाढवलीत. उद्यापासून हिला इथे आणू नकोस."

मी लॅकींकडे पाहिलं. ते काहीतरी बोलतील असं वाटलं. एफी त्यांच्या मांडीवर बसून ब्रशांची नावं शिकली होती आणि ते नुसतं तिच्या दिशेने तोंड करून बसले. तेव्हाच मी ठरवलं की हा कागद मला सापडलाच पाहिजे. शिवाय आईच्या मनाचा एक कोपरा असा असतो की तो स्वतःच्या मुलीलाही सोडत नाही. मी तिचं पोट दाबून पाहिलं. खोटं कशाला सांगू.

दहा वाजता नेहमीप्रमाणे शेजारच्या लोकरीच्या दुकानातून नोएलीन आल्या. हातात कागदी पिशवीने झाकलेली ताटली, खांद्याला विणकामाची पिशवी. वय चौऱ्याहत्तर, पाठ ताठ. रोज सकाळी दहाला चीज रोल आणायच्या, संध्याकाळी पाचला रिकामी ताटली न्यायला यायच्या. गावातल्या घड्याळापेक्षा लोक त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवत.

"नोनी," एफी धावत गेली आणि त्यांच्या गळ्यात पडून गालाची पापी घेतली.

"काय गं, आज सगळे असे का उभे?" नोएलीननी विचारलं.

ग्लेनिसने सांगितलं. एफीचं नाव घेऊन सांगितलं.

नोएलीननी ताटली हळूच खाली ठेवली. "मग रविवारचं कसं?"

"बाबा हटून बसलेत. पूर्ण झाल्याशिवाय हलणार नाहीत म्हणे."

"रोल गरम आहेत तोवर खाऊन घ्या," नोएलीन म्हणाल्या आणि लगेच निघाल्या. एरवी वीस मिनिटं बसायच्या.

मी एफीचं तोंड पुसायला घेतलं. तिच्या वरच्या ओठाला काहीतरी चमकत होतं. चॉकलेटची चांदी गिळली की काय, या धास्तीने मी ते बोटावर घेतलं. पिवळं होतं. मी दोन बोटांत चोळलं आणि ते राहिलंच नाही. चुरगळलं नाही, फाटलं नाही. बोटावर फक्त एक पिवळी चकाकी उरली.

३

हेमी धक्क्याजवळच्या शेडमध्ये एका बोटीवर नाव रंगवत होता. तो लॅकींचा जुना शिकाऊ, सोळाव्या वर्षी आलेला, आता अठ्ठावन्नचा. कारखान्याची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती आणि फॉन्ट करण्याला गावात उघड विरोध करणारा तो एकटाच.

"या या, बाईसाहेब. चौकशीला आलात? आणि ही माझी मोको पण आली." मोको म्हणजे नातवंड; त्याच्या स्वतःच्या नातीला तो हेच म्हणतो, आणि एफीलाही. "हिच्यावर आळ घेतला म्हणे त्या नेल्सनवालीने."

"इतक्यात कळलं?"

"पाव आणायला गेलो होतो. पाव मिळायच्या आधी बातमी मिळाली."

"हेमी, खाके तुला मिळणार होते ना?"

"मिळणार होते. आता तुझ्या मशीनला मिळणार. मग ऑकलंडचा कोणीही पोरगा बटण दाबून ही अक्षरं छापेल आणि मी इथे पावसात बोटींचे कुल्ले रंगवत बसेन." तो रागावून बोलत होता, पण ब्रश हलत नव्हता. "मला चोरायचंच असतं तर अख्खा खण नेला असता. किंवा ई नेला असता, ए नेला असता, रोजच्या कामाचे. क्यू घेऊन काय करू? बेचाळीस वर्षांत एकदा क्यू रंगवलाय, तोही चुकून."

हे मात्र माझ्या डोक्यात बसलं. क्यू कोणालाच कामाचा नाही. तो घ्यायचं एकच कारण असू शकतं: तो शेवटचा उरला होता.

मी पिशवीतून चार-पाच खाके काढले. एक गोष्ट मला सकाळपासून खटकत होती. मी एका वेळी एकच खाका काढून काम करायचे, बाकीच्यांकडे बघायचे नाही. आज मोजताना पाहिलं तर प्रत्येकाच्या मागच्या बाजूला, जिथे भोकांच्या कडा खरखरीत वर आलेल्या असतात, पांढरी पावडर होती.

"ही तुझी?"

"माझी निळी असते." त्याने कागद नाकाशी नेला. "ही तर बाळाची पावडर."

"लॅव्हेंडरची. मीही आधी एफीला लावायचे. डॉक्टरांनी थांबवायला सांगितली."

हेमीने खाका उलटासुलटा केला आणि त्याच्या चेहऱ्यावरची चेष्टा गेली. "खरखरीत बाजूने मारलीय. उलटं अक्षर हवं असतं तेव्हाच असं करतात. म्हणजे काचेवर, आतल्या बाजूने. आणि पांढरी, मऊ पावडर, कोळसा नाही, चुना नाही. म्हणजे खाली वर्ख होता. सोन्याचा."

"तू लावतोस वर्ख?"

"मला वर्खाच्या खोलीत येऊ देत नसत. मी फार श्वास घेतो म्हणे."

"मग कोण लावायचं?"

हेमी बोटीकडे वळला. एका अक्षराचा बूट सावकाश पुरा केला.

"ते लॅकीलाच विचार," तो म्हणाला. "मी गावात राहतो, ब्रायोनी. मला अजून बरीच वर्षं राहायचंय."

४

शुक्रवारी एफीला शेजारणीकडे ठेवलं. दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा शेजारणीने उचलला नाही.

ग्लेनिस बाहेर कचऱ्याच्या डब्याशी होती. मी एमचा खाका लॅकींच्या हातात दिला. त्यांनी खरखरीत बाजूवर बोटं फिरवली आणि ती एकमेकांवर चोळली.

"पावडर आहे."

"हो."

"या कारखान्यात एकोणीस वर्षांत वर्ख लागला नाही. माझी बायको आयरिस गेली, त्यानंतर बंद केला. लोकांना सांगितलं, मागणी नाही म्हणून."

"कोण लावायचं?"

ते दुसरंच बोलायला लागले.

"वर्ख हाताने उचलता येत नाही. धरला की संपला. खारीच्या केसांचा एक पसरट ब्रश असतो. तो आधी आपल्या गालावरून फिरवायचा, असा, एकदाच. गालाची थोडी स्निग्धता केसांना लागते, तेवढ्यावर वर्ख चिकटून येतो. काचेजवळ नेला की तो स्वतःच उडी मारतो. दिवसभरात ब्रश गालावरून शंभरदा फिरतो. संध्याकाळी दुकान बंद करताना गालावर एखादा कण राहिलेला असायचा. इथे, कानाखाली."

"कोणाच्या?"

"मी कधी सांगितलं नाही की राहिलाय."

"का?"

"पुसला असता," लॅकी म्हणाले.

बाहेर बंदरावर क्रेन ओंडके उतरवत होती. प्रत्येक ओंडक्याबरोबर खिडकी हादरत होती. मला माझ्या मुलीचा ओठ आठवला. कालच्या सकाळी तिने एकाच माणसाचा मुका घेतला होता.

५

लोकरीच्या दुकानाची काच तीन आठवडे वर्तमानपत्रांनी झाकलेली होती. चौकट रंगवतेय, असं नोएलीन सांगायच्या. ती चौकट जुन्याच हिरव्या रंगात होती. मी रोज तिथून जात होते, आणि एफी कुठे धडपडेल का हे बघण्याच्या नादात तेवढं पाहिलं नव्हतं.

मी दार वाजवलं. बराच वेळ गेला.

"दुकान बंद आहे."

"मला लोकर नकोय, नोएलीन."

त्यांनी दार उघडलं. आत वर्ख काचेला चिकटवायच्या जिलेटिनचा कोमट वास होता.

"एफीने कागद घेतलेला नाही," मी म्हणाले. बोलताना माझा आवाज चढत होता. "तिच्या तोंडात तुमच्या रोलची पिशवी होती. ग्लेनिसने घेतला नाही, कारण तिला रविवारी जायचंय आणि क्यूशिवाय जाता येत नाही. हेमीने घेतला नाही, कारण क्यू त्याच्या कामाचा नाही, आणि खाके वापरलेत ते वर्खावर, जो त्याला येत नाही. ज्याने वापरलेत तो एक-दोन नेऊन परत ठेवत होता. संध्याकाळी नेऊन सकाळी ठेवायचा, आणि मी हातातल्या एका खाक्यापलीकडे बघत नाही म्हणून मला कळलं नाही. रोज पाचला आणि दहाला एकच माणूस येतो, आणि त्याच्या खांद्याला मोठी पिशवी असते. काल एफीने तुमच्या गालाचा मुका घेतला आणि तिच्या ओठाला सोनं लागलं."

नोएलीनचा हात गालाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"बस," त्या म्हणाल्या. "पायरीला अडखळू नकोस."

काचेवर आतून पंचवीस अक्षरं होती. आतून सोनं दिसत नाही; दिसतात त्या वर्ख टिकावा म्हणून त्याच्या पाठीवर मारलेल्या काळ्या रेघा, उलट्या. तरी ती तीच होती, पोटं सुटलेली, लाथा मारणारी. चौथ्या ओळीत एक जागा रिकामी. खुर्चीवर विणकाम होतं आणि विणकामाखाली सपाट ठेवलेला क्यू.

"त्याला तुझ्या त्या पडद्यावर काही दिसत नाही, माहितीये ना तुला?"

मला माहीत नव्हतं. मी रोज त्यांना अक्षर दाखवायचे आणि ते म्हणायचे, छान.

"तुझं मन राखतो तो. पण मागच्या महिन्यात इथून जाताना त्याला गल्ल्यावरची जुनी सोनेरी पाटी दिसली. चमकतं ते दिसतं त्याला, कडेकडेनं. म्हटलं, सगळी इथे लावते. काचेवर, मोठी. जायच्या आधी एकदा उन्हात उभा राहील आणि बघेल. चोरी नव्हती ती, ब्रायोनी. तेव्हा नव्हती."

"मग क्यू?"

"बुधवारी पिशवीत घातला आणि तेवढ्यात तू म्हणालीस, हा शेवटचा, उद्या संपलं. खण लावायचंही भान राहिलं नाही मला. इथे आणला, वर्ख काढला, ब्रश गालावरून फिरवला. आणि बसून राहिले. लावला असता तर झालंच की. नुसतं तिथलं संपत नव्हतं, इथलंही संपत होतं." त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. "बावीस वर्षं त्याच्या रेघेत मी सोनं भरलं. आयरिस माझी मैत्रीण. तिच्या घरात मी कधी वेडंवाकडं पाऊल टाकलं नाही, त्यानेही नाही. ती गेल्यावर तर आणखीच नाही. लोक काय म्हणतील. एकोणीस वर्षं चीज रोल. दहा वाजता वीस मिनिटं. मला वाटलं, एक कागद नाही सापडला तर आणखी थोडे दिवस दहा वाजतील."

मला त्यांची दया येत होती, आणि तरी मी म्हणाले, "तुम्ही माझ्या मुलीवर आळ येऊ दिलात. तुमच्यासमोर."

"हो."

"ती तुम्हाला नोनी म्हणते."

"हो," त्या म्हणाल्या. सबब सांगितली असती तर मी तडक निघून गेले असते.

आम्ही दोघी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिलो. हा कागद मी उचलून नेला असता तर माझा फॉन्ट पुरा झाला असता आणि लॅकींना काहीच दिसलं नसतं. इथेच ठेवला असता तरी त्यांना पंचवीसच दिसली असती.

"आज लावला तर रविवारपर्यंत वाळेल?" मी विचारलं.

नोएलीननी बाहेरच्या ढगांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"तू श्वास फार घेत नाहीस ना?" त्या म्हणाल्या.

६

शनिवारी दहाला त्या आल्या तेव्हा ताटलीखाली क्यू होता. कारखान्यात आम्ही सगळे होतो. हेमीही खोकी उचलायला आला होता. मी एफीला मुद्दाम आणलं होतं.

"कागद मी घेतला होता," नोएलीन ग्लेनिसला म्हणाल्या. "या पोरीने नाही. आधी तिची माफी माग, मग मला काय बोलायचं ते बोल."

ग्लेनिस एफीसमोर वाकली. एफी एक रोल घेऊन बाकाखाली गेली. तिला माफीत रस नव्हता.

लॅकींनी हात पुढे केला. क्यूवर बोटं फिरवली, आधी गुळगुळीत बाजूवर, मग खरखरीत.

"कशाला घेतलास?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

हेमीने एक खोकं उचललं, ते रिकामं आहे हे पाहिलं, तरी ते घेऊन बाहेर गेला.

"मी रविवारी निघतोय, नोएलीन. शब्द दिलाय ग्लेनिसला."

"माहितीये. सकाळी किती वाजता?"

"नऊ."

"मग साडेआठला माझ्या दुकानासमोर उभा राहा. पलीकडच्या फुटपाथवर," त्या म्हणाल्या आणि न बसताच गेल्या.

मी दुपारी क्यू स्कॅन केला. फॉन्ट पुरा झाला. लॅकी पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "छान." या वेळी मी पडदा बंद केला.

रविवारी आभाळ धुतल्यासारखं होतं. ग्लेनिसची गाडी छपरापर्यंत भरलेली. अंधार पडायच्या आत तिला वाटेतलं काईकोरा गाठायचं होतं. साडेआठला नोएलीननी आतून वर्तमानपत्रं काढायला सुरुवात केली, एकेक, घाई न करता. ऊन काचेवर सरळ पडत होतं.

सव्वीस. उन्हात ती जागच्या जागी थोडी हलल्यासारखी वाटत होती, त्या रेघेमुळे. चौथ्या ओळीतला क्यू सगळ्यांत ताजा, आणि त्याचं शेपूट शेजारच्या आरच्या बुटाखाली गेलेलं.

लॅकी बराच वेळ उभे राहिले. मान डावीकडे, मग उजवीकडे, मग वर. ते एकेक ओळ गोळा करत होते. मी त्यांच्या कोपराला हात लावून उभी होते. रस्त्यावर कुठूनही गाडी येऊ शकते. त्यांचे ओठ हलत होते. शेवटी ते म्हणाले, "'जे'चा आकडा मी इतका वळवला नव्हता."

"तुम्हीच वळवलाय. मी रेघ न् रेघ पाहिलीय."

"मग तेव्हा मी तरुण असेन."

"बाबा," ग्लेनिसने गाडीतून हाक मारली. इंजिन चालूच होतं. "पावणेनऊ झाले. बघून झालं ना? चला."

लॅकी गाडीकडे आले. दार चाचपडून उघडलं, आत बसले, पट्टा लावला. ग्लेनिसने हात मागे करून काहीतरी नीट केलं. मी एफीला कडेवर घेतलं. दुकानाच्या काचेमागे, सोनेरी रेघांच्या मधल्या पोकळीत, नोएलीन उभ्या होत्या. बाहेर आल्या नाहीत.

पट्टा सुटल्याचा आवाज आला.

"दहा मिनिटं," लॅकी म्हणाले आणि उतरले.

"बाबा, आपल्याला किती लांब जायचंय."

"माहितीये मला किती लांब आहे ते."

ते एकटेच रस्ता ओलांडून गेले. मी मागोमाग दोन पावलं टाकली आणि थांबले. लोकरीच्या दुकानाची घंटा वाजली, दार लागलं.

दहा मिनिटं झाली. मग वीस. ग्लेनिस स्टिअरिंगवर हात ठेवून त्या काचेकडे बघत होती. मला वाटलं आता ती हॉर्न वाजवेल, आणि एफी दचकेल, म्हणून मी तिच्या कानावर हात धरला.

ग्लेनिसने किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.